खुबा कुठे बदलायचा?

सांगली,
9 नोव्हेंबर

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि अमोलने गोळा केलेली तिन्ही कोटेशनं मिळाली. पुण्याचं 4 लाख 60 हजार, मिरजेचं 2 लाख 40 हजार आणि मुंबईच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं 1 लाख 85 हजार. तू विचारतेस, एकच सांधा बसवायचा तर एवढा फरक कसा? ह्यांचा खुबा बदलायचा होता तेव्हा आमच्याही जेवणाच्या टेबलावर असेच कागद पसरलेले असायचे. त्यात माझी उभी हयात बँकेत कर्ज विभागात गेलेली. कागद हातात आला की मी आकड्याआधी खालची बारीक अक्षरं वाचते. तुझेही तसेच वाचले.

मुंबईच्या कागदावर अगदी तळाला, शिक्क्याच्या शेजारी, तीन शब्द आहेत: "इम्प्लांट खर्च वेगळा". म्हणजे जो सांधा बसवायचा तोच 1 लाख 85 हजारांत नाही. तो धरला की मुंबई तीन लाखांच्या घरात जाते आणि मिरजेपेक्षा महाग पडते, तेही जनरल वॉर्डात. मिरजेच्या कागदात सांधा आहे, पण औषधं आणि सर्जिकल सामान "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". तिथे तीस-चाळीस हजार वरती धरून चाल. पुण्याच्या कागदात सगळं आहे, आणि नको तेही आहे: डिलक्स खोली, आयात केलेला सिरॅमिकचा सांधा आणि ऑपरेशनला मदत करणारा रोबो. तेव्हा तिघांकडून एकाच साच्यात आकडे मागून घे. सेमी-प्रायव्हेट खोली, सांध्याचा प्रकार आणि कंपनी, सर्जन आणि भूलतज्ज्ञाची फी, औषधं, एक दिवस आयसीयू लागलं तर किती, रक्त चढवावं लागलं तर किती, फिजिओथेरपी धरली आहे का. "अंदाजे" म्हणाले तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही लिहून माग.

खोलीचं तर विशेष लक्षात ठेव. बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग चढला की नुसतं भाडं चढत नाही, सर्जनच्या फीपासून ऑपरेशन थिएटरच्या भाड्यापर्यंत सगळं चढतं. डॉक्टर तोच, टेबल तेच, टाके तेच. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला 5,000 रुपयांच्या वरच्या खोलीवर 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे. आणि तू राहणार तीन-चार रात्री, त्यातली पहिली गुंगीत.

आता सांध्याकडे वळते, कारण अमोलला सांधे विकणाऱ्या त्या मुलाने बरंच काही ऐकवलेलं दिसतंय. खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. वाटी कमरेच्या हाडात बसते, गोळा मांडीच्या हाडात ठोकलेल्या दांड्याच्या टोकावर. वाटीचं अस्तर प्लास्टिकचं किंवा सिरॅमिकचं, गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा. दांडा सिमेंटने बसवतात, नाहीतर खरखरीत अंगाचा दांडा घट्ट ठोकतात आणि मग हाडच वाढून त्याला धरून ठेवतं. साधारणपणे सिमेंटचा दांडा, धातूचा गोळा आणि प्लास्टिकचं अस्तर हे सगळ्यांत स्वस्त, आणि सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यांत महाग. पण स्वस्त म्हणजे हलकं असं इथे नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाच्या सर्जनने 1962 मध्ये धातूचा छोटा गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि सिमेंट असा सांधा बसवायला घेतला. आजच्या सांध्यांचा पाया तोच आहे. आता ते प्लास्टिक प्रक्रिया केलेलं असतं, "क्रॉसलिंक्ड" म्हणतात, ते पूर्वीपेक्षा फार कमी झिजतं. तुझं वय 67, हाडं ठिसूळ म्हणून गोळ्या चालू. अशा हाडात सिमेंटचा दांडा हा कमीपणा नाही, उलट पुष्कळ सर्जन तोच पसंत करतात. सिरॅमिकवर सिरॅमिकचा विचार पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाने करावा.

टिकतो किती, हेही विचारलं होतंस. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात 2019 मध्ये परदेशांतल्या नोंदींचा मोठा अभ्यास आला होता. बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे 58 टक्के 25 वर्षांनंतरही चालू होते. 67 मध्ये 25 मिळव आणि निवांत झोप.

आणि "अगदी नवीन टेक्नॉलॉजी" म्हणत कोणी आलं की माझे कान टवकारतात. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू सांधा असाच नवीन म्हणून गाजला होता. 2010 मध्ये कंपनीलाच तो जगभरातून परत मागवावा लागला. घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात उतरायचे, लोकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. आपल्याकडेही हजारोंना तो बसवला होता. त्यांच्या भरपाईचं सूत्र केंद्र सरकारने ठरवलं ते 2018 मध्ये. म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी असलेला सांधा माग. रोबोचंही तसंच. तो मोजमाप नेमकं करतो हे खरं असेल, पण त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. अमोलच्या कागदात त्याचे वेगळे 60 हजार लावलेत. मी ते देणार नाही.

खुब्याच्या सांध्याचे दर सरकारने बांधलेत हा भावोजींचा गैरसमज दूर कर. सरकारने दर बांधून दिले ते गुडघ्याचे, ऑगस्ट 2017 मध्ये. कोबाल्ट-क्रोमचा जो गुडघा सरासरी 1 लाख 58 हजारांना पडायचा तो 54,720 वर आणला, अधिक जीएसटी. खुब्याला अशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन. त्यामुळे खुब्याच्या किमतीत बोलायला जागा असते. ह्यांच्या वेळी मी नुसतं विचारलं, "ह्याच कंपनीचा हाच सांधा, छापील किमतीला कशाला?" तर बिलिंगवाल्याने वर फोन लावला आणि 22 हजार कमी केले. लाजू नकोस, मासळीबाजारात लाजतेस का?

ऑपरेशननंतर सांध्याच्या खोक्यांवरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. वाटी, अस्तर, गोळा, दांडा, प्रत्येकाचा वेगळा, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर. ह्यांचे चार स्टिकर डिस्चार्ज कार्डाच्या मागे तिरके लावले होते, एक तर अर्धा स्टेपलरखाली गेलेला. मी तिथेच उभी राहून सगळ्यांचे फोटो काढले आणि बिलाशी ताडून पाहिले. तूही अमोलला हे काम सांग. उद्या सांधा परत मागवायची वेळ आली किंवा दुसऱ्या गावी दाखवायचं झालं तर त्या चिठोऱ्यांशिवाय कोणालाच काही सांगता येत नाही.

विम्याचं मात्र नीट बघ. तुझ्या नावाची वेगळी पॉलिसी गेल्याच वर्षीची आहे. सांधेबदलाला त्यात बहुतेक दोन वर्षं थांबायची अट असेल, अपघाताची गोष्ट निराळी. अमोलच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील आहेत, तिथे अशी अट बहुधा नसते, पण आई-वडिलांच्या बिलातला ठरावीक टक्के भाग आपण भरायचा असं कलम पुष्कळदा असतं. ते शोध. आणि खोलीभाड्याची मर्यादा शोध. समजा मर्यादा 5,000 ची आणि खोली घेतली 8,000 ची. कंपनी फक्त वरचे 3,000 कापत नाही, डॉक्टरांची फी, थिएटर वगैरे सगळं पाचास आठ ह्या प्रमाणात कापते. त्या बाबींचं बिल 1 लाख 60 हजार झालं तर तुझ्या खिशातून सरळ 60 हजार. सांधा आणि औषधं ह्या कपातीत धरायची नाहीत असा नियम आहे. तरी बिल हाती आलं की तपासायचंच.

सरकारी योजनेला तू "आपल्यासाठी नाही ती" म्हणून निकालात काढलंस. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. मात्र कोणत्या हॉस्पिटलात कोणतं ऑपरेशन बसतं हे बघावं लागतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, किंवा 155388 वर फोन कर. डेरवणचं वालावलकर रुग्णालय तुम्हा चिपळूणकरांच्या दारात आहे, पहिली चौकशी तिथेच कर. योजनेत सांध्याची कंपनी आपल्या पसंतीची मिळेलच असं नाही, एवढं मनात धरून जा. भावोजींना सत्तर पूर्ण झाली ना? त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेव, त्याला उत्पन्नाची अट नाही.

तुझ्याकडच्या पारूच्या मुलाचं ऑपरेशन मात्र फुले योजनेतूनच करून घ्या. तिशीतला मुलगा, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय म्हणतेस, तर तो वाट बघत बसला की गोळा चपटा होत जाणार. जमलं नाही तर मुंबईत केईएम किंवा सायन आहे. शिवाय धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, खिडकीवर विचारलं तर "जागा नाही" एवढंच कळतं. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही खुब्यासाठी मदत मिळते.

सर्जन कसा निवडायचा? पाटीवर "सांधेरोपण" सगळ्यांच्याच असतं, पण आपल्याकडे ते मुख्यतः गुडघ्यांचं. म्हणून विचारायचं ते असं: "डॉक्टर, वर्षाला खुबे किती करता?" जो आकडा सांगतो, जंतुसंसर्ग झाला तर पुढे काय करू हेही सांगतो आणि ऑपरेशनआधी साखर, लघवी आणि किडलेले दात तपासून घ्यायला लावतो, तो माझ्या मते बरा. ह्यांची दाढ काढेपर्यंत डॉक्टरांनी तारीख दिली नव्हती. तेव्हा आम्ही वैतागलो होतो, पण तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसतात म्हणे.

एका कागदावर कुठेच नाही तो खर्च म्हणजे नंतरचे दीड महिने. अमोलचं घर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघं दिवसभर कामावर. तुझ्या चिपळूणच्या घरात ओटीच्या पाच पायऱ्या, बाहेरचा संडास आणि जेवायला पाट. मागच्या बाजूने चीर देऊन ऑपरेशन केलं तर खाली वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, मांडी घालायची नाही. झोपताना पायांत उशी. ह्यांच्या पलंगाच्या चारही पायांखाली आम्ही विटा दिल्या, कारण बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. कमोडवर ठेवायची उंच सीट आणली, वॉकर भाड्याने आणला. पायमोजे चढवायला मी, खाली पडलेला चष्मा उचलायला मी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे मी इतक्या वेळा ओरडले की शेजारचा नातू ते गाण्यासारखं म्हणायचा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून महिनाभर औषध, टाके काढायला दोन आठवड्यांनी, एक्स-रेला दीड महिन्यांनी. ह्या प्रत्येक वेळी तू कुंभार्ली घाट उतरून-चढून पुण्याला जाणार का?

तुझ्या नणंदेलाही हेच कळव. तिचा खुबा इंग्लंडमध्ये फुकट बदलून होईल, पण रांग मोठी. 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हा तिथला नियम 2016 पासून पाळला गेलेला नाही. ती पुण्यात येऊन करायचं म्हणते, पैशाच्या हिशेबात ते जमेलही, पण खुब्यानंतर साधारण तीन महिने लांबचा विमानप्रवास टाळायला सांगतात. तेवढी सुट्टी तिला आहे का?

तर माझं मत असं. डेरवणला योजनेत बसलं आणि सर्जन पटला तर तिथे. नाहीतर मिरज. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून ते गाव ऑपरेशनांचंच आहे, आणि आमचं घर तिथून दहा किलोमीटरवर, तळमजल्यावर. मागची खोली मोकळी आहे, उंच सीट माळ्यावर आहे, पलंगाखालच्या विटा अजून काढलेल्या नाहीत. अमोलला वाईट वाटेल, त्याला मी फोन करते. भावोजींनाही घेऊन ये. ह्यांना पत्ते खेळायला कोणी नाही आणि माझ्याशी ते हरतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेऊ का ते कळव. दोन्ही पॉलिसींची सगळी पानं व्हॉट्सॲपवर पाठव, आणि फोन सरळ धरून फोटो काढ. मागच्या वेळी एक्स-रेपेक्षा तुझा अंगठाच जास्त दिसत होता.

तुझी,
कुंदा