रावांचं क्रेडिट रावांना द्या की

संपादक साहेब, १९९१ च्या आर्थिक रिफॉर्म्सवर काहीही छापून आलं की सगळं श्रेय मनमोहन सिंगांना, ते बरोबरच आहे पण अर्धंच, कारण त्यांना अर्थमंत्री म्हणून आणलं कोणी आणि पाठीशी उभं राहिलं कोण, तर तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव. इंडस्ट्री खातं तर त्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं, २४ जुलैला बजेटच्याच दिवशी, भाषणाच्या आधी नवं औद्योगिक धोरण आपले राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांच्याकडून संसदेत मांडून घेतलं आणि १८ उद्योग सोडले तर बाकीच्यांची लायसन्सची कटकट गेली, गाजावाजा नाही काही नाही. तेही अल्पमतातलं सरकार, रुपयाची किंमत दोनदा उतरवलेली, ४७ टन सोनं गहाण!

बाबरीचा डाग आहेच, तो कोणी पुसू नये. पण २००४ ला ते गेले तेव्हा पार्थिव दिल्लीतल्या काँग्रेस मुख्यालयात आतसुद्धा नेऊ दिलं नाही हे अतीच झालं. भारतरत्न मिळालं २०२४ ला, तेही दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडून. आमच्या रामटेकनं त्यांना ८४ आणि ८९ ला खासदार केलं, मराठीही छान यायची त्यांना, पण इथल्या नव्या पोरांना विचारा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

– एक वाचक, रामटेक