मेमध्ये विहीर पाहा, जुलैत भिंती

महोदय,

दिवाळीच्या आगेमागे तळकोकणातल्या वाड्यांमधून पुण्या-मुंबईच्या गाड्या फिरू लागतात. गाडीत एकच माणूस; निवृत्तीनंतर कायमचे राहायला घर बघतोय. चूक इथेच होते. त्या दिवसांत विहीर भरलेली असते आणि भिंतींना नुकताच चुना लागलेला असतो. पहिली खेप मेच्या उत्तरार्धात करावी, दुसरी जुलैत. तोवर विसार म्हणून एक रुपयाही देऊ नये.

निघण्याआधी एजंटाकडून सर्व्हे आणि हिस्सा नंबर मागून घ्यावा. सातबारा घरबसल्या फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. नंबर ‘इकडे आलात की सांगतो’ म्हणणाऱ्याकडे पेट्रोल जाळत जाण्यात अर्थ नाही. उताऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतील तर सही करणारा एकटा मालक नाही. ‘इतर हक्कां’त कुळाचे नाव असेल तर वकील गाठल्याशिवाय पुढे जाऊ नये. ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा नव्हे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही (कूळकायदा, कलम 63). त्याने गावठाणातले घर किंवा बिनशेती जागाच बघावी. ‘शेतकरी दाखला काढून देतो’ असे कोणी म्हणाला तर चहाही न घेता उठावे. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार-गावकर जमिनींचा (गावाच्या सामाईक, मालकीचा वाद असलेल्या जमिनींचा) प्रश्न आहे, तिथे दुप्पट चौकशी हवी.

मेची खेप पाण्यासाठी. विहिरीचा व्यास मोजावा: आठ फुटी विहिरीत फूटभर पाणी म्हणजे सुमारे 1,400 लिटर, दहा फुटीत 2,200. दोरीला दगड बांधून तळाला टेकवावा आणि भिजलेली दोरी मोजावी. मग अर्धा तास पंप चालवून पाणी किती उतरले ते बघावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन किती चढले ते. यासाठी मुक्काम कुडाळला किंवा कणकवलीला करावा लागतो. दोन माणसांना रोज 300 लिटर पुरतात. पण एका माडाला उन्हाळ्यात 50 लिटर धरले तर दहा माडांचेच 500 होतात, हा हिशेब कोणी करत नाही. गडग्यापलीकडच्या बाईला ‘बाव (विहीर) कधी आटते?’ एवढे विचारावे. तिला दलाली मिळणार नसते.

जुलैत भिंती बोलतात. चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, पाणी पितो, त्यामुळे पावसाच्या माऱ्यातली पश्चिमेची भिंत आतून हाताने चाचपावी. फक्त कमरेपर्यंत ताजा रंग दिसला तर ओल झाकली आहे असे समजावे. वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचावा. टोक सहज आत गेले तर वाळवी किंवा कूज. वरचे मंगळुरी कौल फुटले तर बदलता येते, वासे बदलायचे तर सगळे छप्पर उतरवावे लागते.

एकट्याने गाडी हाकत जाणाऱ्यांसाठी थोडे. फोंडा किंवा आंबोली घाट दिवसाउजेडीच उतरावा. दरड पडली तर परत फिरायला वेळ राहतो. ज्या गिअरवर गाडी चढेल त्याच गिअरवर उतरवावी. ब्रेकवर पाय ठेवून उतरले की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग ब्रेक लागेनासे होतात. ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच बरा. स्टेपनीची हवा घरूनच तपासावी आणि डिकीत फूटभर लांबीची जाड फळी टाकावी, कारण ओल्या तांबड्या मातीत जॅक रुततो. मोबाइलवरचा नकाशा कधी सरळ पाखाडीच्या पायऱ्यांवर आणून सोडतो. वाडीच्या तोंडाशीच गाडी लावून चालत जावे. चिखलात गाडी मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायला मागे कोणी नसते.

चालताना टेप काढून वाटही मोजावी. चिऱ्याचा ट्रक आत यायला दहा फूट लागतात. ती वाट दुसऱ्याच्या काजूच्या बागेतून असेल तर वहिवाटीचा हक्क खरेदीखताआधी नोंदणी करून घ्यावा. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेतीसाठी, नव्या बंगल्यासाठी नव्हे.

— एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)