शिवराई जरूर पाडा, पण ती आजची आहे हे तिच्यावरच लिहा

संपादक महोदय,

शिवजयंती किंवा राज्याभिषेक दिन जवळ आला की हाताने शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे, पाडून दाखवण्याची प्रात्यक्षिके होतात. मुले घण उचलतात, तांब्याच्या चकतीवर ‘श्री राजा शिव’ उमटते आणि ती चकती खिशात घालून घरी जातात. उपक्रम चांगलाच आहे. नाणे ‘छापत’ नाहीत, ‘पाडतात’, हे त्या एका घावात जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही. तक्रार एवढीच की ही चकती आजची आहे असे तिच्यावर कुठेच लिहिलेले नसते. चार पावसाळ्यांत ती काळवंडते, हातोहात फिरते आणि एखाद्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारातल्या फडक्यावर खऱ्या शिवराई नाण्यांच्या ढिगात जाऊन बसते.

‘नंतर पंच मारू’, म्हणजे खूण वेगळी ठोकून उमटवू, म्हणून भागत नाही. तो मारायचा राहून जातो, नाहीतर कोणीतरी कानशीने घासून टाकतो. खूण ठशातच, म्हणजे मजकूर उमटवणाऱ्या पोलादी साच्यातच कोरलेली हवी, म्हणजे तिच्याशिवाय एकही नाणे पडणार नाही. तीही कडेला नको, कारण हाताने पाडताना चकती हमखास सरकते आणि कडेचा मजकूर बाहेर जातो. सरळ उपाय असा : एका बाजूला ‘श्री राजा शिव’ ठेवावे आणि दुसऱ्या बाजूला मूळ नाण्यावरचे ‘छत्र पति’ न घेता मधोमध ‘प्रतिकृती’ आणि सन घालावा. अमेरिकेत जुन्या नाण्यांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द घालण्याची सक्ती १९७३ च्या कायद्याने आली. आपल्याला तेवढे करायला कायद्याची वाट पाहायचे कारण नाही.

दुसरी खूण वजनाची. सुरुवातीच्या काळातली शिवराई साधारण तोळ्याच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा ग्रॅम भरते आणि व्यास जेमतेम २० मिलिमीटर. म्हणजे जाडी चार मिलिमीटरच्या घरात जाते. चिमटीत धरली की गुबगुबीत लागते. प्रतिकृतीसाठी १४ गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा घेऊन २० मिलिमीटरची चकती कापली, तर वजन ५.६ ग्रॅम भरते. खऱ्याच्या निम्मे. डोळे मिटूनही फरक कळतो.

पाडण्याच्या कृतीतही काही चुका पुन्हापुन्हा दिसतात. ठशासाठी ओएचएनएस, म्हणजे तेलात बुडवून कडक होणाऱ्या पोलादाची २५ मिलिमीटरची सळी चांगली. खालच्या ठशाला ५० आणि वरच्याला ६० मिलिमीटर लांबी पुरते. अक्षरे उलटी कोरायची, हे सांगूनही ‘श्री’ची वेलांटी चुकतेच, म्हणून कोरताना मधूनमधून मळलेल्या कणकेत ठसा दाबून पाहावा. खोली ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरे. अक्षराच्या खाचेच्या भिंती उभ्या न ठेवता किंचित तिरक्या ठेवाव्यात, नाहीतर नाणे ठशात अडकून बसते. कोरून झाले की ठशाचे तोंड सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावे. चुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडे तापवून, सळी उभी धरून तेलात बुडवावी. इथेच बरेच जण थांबतात आणि चौथ्या-पाचव्या घावाला ठशाला चीर जाते. कारण नुसते असे कडक केलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा २०० अंशांवर तासभर ठेवावे लागते. घरातला ओव्हन त्याला चालतो. घासलेल्या पोलादावर गवती पिवळा रंग आला की काम झाले. वरच्या ठशाच्या ज्या टोकावर घण बसतो ते टोक मात्र मऊच ठेवावे. तेही कडक केले तर कपच्या उडतात, आणि त्या डोळ्याच्या उंचीवर असतात. ते टोक ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले की कडा घासून टाकाव्यात. गॉगल सर्वांनाच, पाहणाऱ्यांनाही.

चकती कापली की तिच्या कडेची धार कानशीने काढायची आणि मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायची. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊच राहते. कसब्यातल्या तांबट आळीत भांडी घडवताना मधूनमधून पत्रा तापवतात, तो याचसाठी. न तापवता पाडले तर कडा फाटतात आणि अक्षरे अर्धवट उठतात. तापवल्यावर चकतीवर काळा पापुद्रा येतो. तो लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात, लिटरला १०० ग्रॅम या प्रमाणात, निघून जातो. तो तसाच ठेवून घाव घातला तर पापुद्रा तांब्यात ठोकला जातो आणि नाण्यावर खड्डे पडतात. खालचा ठसा बाभळीच्या ओंडक्यात घट्ट रोवावा. फरशीवर किंवा हलणाऱ्या टेबलावर निम्मा घाव वाया जातो. वरचा ठसा सरळ राहावा म्हणून तो नेमक्या मापाच्या पाइपात घालावा आणि तीन किलोचा घण एकदाच, पण नीट मारावा. दुसरा घाव घालताना चकती केसभर सरकली तरी अक्षरे दुहेरी उमटतात. मजकूर उठला नसेल तर चकती पुन्हा तापवूनच पुन्हा पाडावी.

चकती म्हणून चलनातले नाणे मात्र घेऊ नये. ते वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तसेच पाडलेली प्रतिकृती गंधकाच्या रसायनात बुडवून मुद्दाम जुनी करू नये. नवे तांबे नवेच दिसू द्यावे.

आता घेणाऱ्यांसाठी. खऱ्या शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर आणि बिंदूंचे पूर्ण वर्तुळ एकाच नाण्यावर क्वचितच मिळते. कुठे ‘श्री’ची वरची रेघ गेलेली, कुठे ‘ति’ अर्धी. उलट, नाणे अगदी गोल, अक्षरे पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी आणि बिंदू सगळेच्या सगळे जागेवर असतील तर हात आखडता घ्यावा. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी वेगवेगळी अक्षरे मात्र खऱ्या नाण्यांवरही सापडतात. अशुद्ध लेखन म्हणजे खोटे नाणे, असे नाही. ओतून केलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक फुगे दिसतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या बोथट असतात आणि काठावर जोडाची रेघ किंवा ती लपवण्यासाठी केलेले कानशीचे ओरखडे असतात. रंग किंवा लाखेचा थर देऊन जुने केलेले नाणे ॲसिटोन लावलेल्या बोळ्याने उघडे पडते. घेण्याआधी चार खरी नाणी डोळ्यांखालून घालावीत. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात नाणी आहेत.

चांदीच्या रुपयाची पारख पूर्वी पोतदार आणि सराफ वाजवून करत. त्यासाठी कान तयार लागतो. त्यापेक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि पाण्याचा पेला बरा. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रुपया दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काचेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवावा. काटा १.१३ च्या आसपास थांबला तर धातू ठीक. जर्मन सिल्व्हरची (तांबे, निकेल आणि जस्ताच्या, चांदी नसलेल्या मिश्रधातूची) तेवढ्याच वजनाची नक्कल १.३ च्या पुढे जाते. झिजलेल्या रुपयाचे वजन कमी भरते, तेव्हा हवेतल्या वजनाला बुडवल्यावर दिसणाऱ्या आकड्याने भागावे, उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याचे उत्तर साडेनऊच्या आसपास येते. आणि १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून फेकू नका. तो निकेलचाच आहे.

हाच रुपया दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासला जातो. राणीच्या गालावरची आणि केसांतली बारीक रेघ पहिल्या दोन-तीन दिवाळ्यांतच जाते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तो मग चांदीच्या भावाचा उरतो. पूजेसाठी एखादा आधीच झिजलेला रुपया वेगळा ठेवावा. तांब्याच्या नाण्यालाही चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावू नये. घट्ट बसलेला तपकिरी-हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो. फिकट हिरवी पूड मात्र वेगळी : ती दमट हवेत पसरते, म्हणून ते नाणे लगेच बाजूला काढून कोरडे ठेवावे. पीव्हीसीचे मऊ पाकीट आणि रबरबँड दोन्ही नकोत. एकाने चिकट हिरवा थर येतो, दुसऱ्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

नोटांच्या बाबतीत प्रतिकृतीचा विचारही करू नये; नोटेसारखा दिसणारा कागद छापणे हाच गुन्हा आहे. जुनी नोट लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये, घडी जावी म्हणून इस्त्री तर मुळीच फिरवू नये. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा कुणाकडेही सगळ्या मिळून दहाच असू शकतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीस. त्यापुढे दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतला जो जास्त असेल तो. ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला किंवा ७८६ क्रमांकाला लाखो रुपये देणारा माणूस आधी नोंदणीचे पैसे मागतो, तेव्हाच ओळखावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच असे कमिशन आपल्या नावावर मागितले जात असल्याचा इशारा दिला आहे.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. जुने नाणे सापडल्याची बातमी येते तेव्हा तळहातावर ठेवलेल्या नाण्याच्या एकाच बाजूचे छायाचित्र छापले जाते. त्यावरून काहीही ठरवता येत नाही. दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी आणि खाली ग्रॅममध्ये वजन, एवढे छापले तर वाचकांपैकीच कोणीतरी ते नाणे कोणते, हे दुसऱ्या दिवशी कळवेल.

आपले,
पुण्यातील काही नाणेसंग्राहक