बाबा, ती 'वाकडी' चित्रं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, मी पाठवलेला फोटो बघून तुम्ही म्हणालात, "रस्ता हिरवा, माणसं वेडीवाकडी, याला चित्र म्हणायचं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ते जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं 'पोट्सडामर प्लाट्झ', म्हणजे इथल्या बर्लिनमधल्या एका चौकाचं चित्र, १९१४ सालचं. मोबाइलवर त्याचा आवाका कळत नाही. मूळ चित्र दोन मीटर उंच आहे. चौकातल्या गोल बेटावर दोघी उभ्या, मागे लाल विटांचं स्टेशन, काळ्या कपड्यांतले पुरुष कात्रीसारखे पाय टाकत निघालेले. इतक्या जवळ असून कुणाचं कुणाशी नातं नाही.

किर्शनर १९११ मध्ये ड्रेस्डेनहून बर्लिनला आला. १८७१ साली इथे आठ लाखांच्या आसपास वस्ती होती, १९१० पर्यंत ती वीस लाखांवर गेली. एवढ्या गर्दीत नवख्या माणसाची नजर कशी भिरभिरेल! तो रस्त्यात उभा राहून वहीत झरझर रेघा ओढायचा आणि ती घाई त्याने मोठ्या चित्रातही तशीच ठेवली. सगळीकडे तिरपे, ओरखडल्यासारखे फटकारे. तो हिरवा रंगही मला रस्त्याचा वाटत नाही. परक्या शहरात रात्री पोटात जे ढवळतं, त्याचा वाटतो. मला इथे आल्यावर ते कळलं.

आई, त्या दोघी गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या बायका आहेत. एकीच्या तोंडावर विधवेची जाळी आहे, महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. पण त्याने त्यांना कोपऱ्यात ढकललेलं नाही. अख्ख्या चित्रात सगळ्यांत उंच त्याच. शहर ज्यांच्याकडे चोरून बघतं, त्यांना त्याने मधोमध उभं केलं. म्हणून मला हे चित्र इतकं आवडतं.

१९३७ मध्ये नाझींनी 'विकृत कला' ठरवून त्याची सहाशेवर कामं संग्रहालयांतून काढली. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये त्याने जीव दिला.

आणि बाबा, बर्लिनमध्येच जन्मलेला रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये मुंबईला आला. 'टाइम्स'मध्ये कलासमीक्षा लिहायचा. आरा, सुझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे या नव्या वळणाच्या कलाकार मंडळींच्या पाठीशी तो उभा राहिला. म्हणजे ही 'वाकडी' नजर तुमच्या मुंबईला अगदीच परकी नाही.

मे महिन्यात याल तेव्हा आधी नॉये नॅशनलगॅलरीत, हे चित्र आहे त्या संग्रहालयात, नेईन. चित्रासमोर उभे राहा आणि मग माझ्याशी हवं तेवढं भांडा.

तुमची,
धाकटी