मंत्रिमहोदय, घेणाऱ्यानं गाडी बघितल्याशिवाय पासिंग नको

प्रति,
माननीय परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी तासगावात राहते, औषधांचं दुकान चालवते. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याला, आम्ही पुण्याच्या एका शोरूममधून नवी गाडी घरी आणली. चौथ्या दिवशी कळलं की आमच्या हातात येण्याआधीच ती कुठंतरी लागलेली होती आणि पुढची डावी बाजू दुरुस्त करून, रंगवून आम्हाला दिली होती. त्याबद्दलची माझी तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. तिचं काय करायचं ते आयोग ठरवील, म्हणून त्या डीलरचं नाव मी इथं घेत नाही. तुमच्याकडे माझं काम वेगळं आहे. ही गाडी मी डोळ्यांनी बघण्याच्या तीन दिवस आधीच माझ्या नावावर झाली होती, आणि त्यात कुणी कुठला नियम मोडलेला नव्हता. मला तो नियम बदलून हवा आहे.

"एवढ्या लांब पुण्याला कशाला गेलात?" असं जो तो विचारतो, म्हणून आधी ते सांगते. माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, डायलिसिस मिरजेत चालतं, आठवड्यातून दोनदा. त्यांना ने-आण मीच करते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबवेना, म्हणून ऑटोमॅटिक गाडी हवी होती. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये ही झुंबड उडाली. सांगली-कोल्हापुरात सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "पेट्रोल ऑटोमॅटिक ना? जानेवारी धरून चाला." पुण्यातून मात्र फोनवर सांगितलं, "गाडी स्टॉकमध्ये आहे मॅडम, दसऱ्याला घेऊन जा." पाच-दहा हजारांच्या डिस्काउंटसाठी आम्ही गेलो नव्हतो. आणि जत-आटपाडीच्या माणसाला तर सांगलीचं शोरूमसुद्धा लांबच पडतं. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला मनासारखी गाडी घ्यायची तर लांबच्या डीलरकडे जाण्यावाचून इलाज नसतो.

आता पैसे कसे गेले आणि गाडी कशी आली ते बघा. बुकिंगचे २१ हजार फोनवरूनच भरले. आमचा वाटा आरटीजीएसने पाठवला. कर्जाची रक्कम बँकेनं थेट डीलरच्या खात्यात टाकली, बँकेची पद्धतच ती आहे. मग विमा निघाला. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, तो हवाच. पण तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे ठरवायची मुभा गिऱ्हाइकाला असते, आणि डीलरनं त्यात सक्ती करू नये असं विमा नियामकानं २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे. आम्हाला सांगण्यात आलं, "बाहेरचा इन्शुरन्स घेतलात तर दसऱ्याचं सांगता येणार नाही." आम्ही त्यांचाच घेतला. २९ सप्टेंबरला मी काउंटरवर असताना मोबाइलवर मेसेज आला की गाडीची नोंदणी झाली, नंबर पडला. दुकानात आलेल्या दोघाचौघांना मी पेढे आणून वाटले. गाडी तोवर माझ्या दृष्टीला पडलेली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी शोरूमच्या बेसमेंटमध्ये ओळीनं दहा-बारा गाड्या उभ्या होत्या, लाल कापड घातलेल्या, रिबिनी लावलेल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळाच रंग चकाकत होता. मुहूर्त टळायला नको म्हणून जो तो घाईत. एका मुलानं टॅब पुढे केला, "इथे, इथे आणि इथे सही करा." त्यातल्या एका सहीवर लिहिलेलं होतं की गाडी तपासून, चांगल्या स्थितीत मिळाली. ते मी घरी आल्यावर वाचलं. मीटरवर ६४ किलोमीटर होते. "यार्डातून चालवत आणली," तो म्हणाला, आणि ते मला पटलंही. कापड ओढलं, नारळ फोडला, फोटो काढला, आणि आम्ही कात्रजच्या दिशेनं निघालो.

सोमवारी अण्णांची व्हीलचेअर डिकीत हलू नये म्हणून पट्टा बसवून घ्यायला गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. डेंटिंग-पेंटिंगचं काम करून त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी सहज म्हणून डाव्या मडगार्डवरून तळवा फिरवला आणि थांबले. "ताई, जुनी घेतली का गाडी?" मी म्हटलं, "नाही हो, परवा दसऱ्याची आहे." त्यांनी बॉनेट उघडलं. उजव्या बिजागरीचे बोल्ट जसेच्या तसे रंगाखाली होते. डावीकडच्या बोल्टांच्या कडांवरून पान्यानं रंग उडालेला. दोन्ही हेडलाइटच्या मागची लेबलं दाखवली, उजवीकडचं मार्चचं आणि डावीकडचं जुलैचं. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तीन टायरांवर १८२५ होतं, डाव्या पुढच्या टायरवर ३१२५. मग दाराच्या रबरी बीडिंगची कड त्यांनी दुमडली. आत मोहरीपेक्षा बारीक पांढरे थेंब होते, रंगाच्या फवाऱ्याचे. त्यातला एक नखानं उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "कारखान्यात रंग मारताना तिथं रबर नसतं बघा. हे मागनं मारलंय."

त्यानंतर तीनदा पुण्याला हेलपाटे झाले. प्रत्येक खेपेला दुकान बंद, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूरचा टोल, आणि अण्णांना मिरजेला कोण नेणार याची जुळवाजुळव. आधी म्हणाले, असं काही नाही. मग म्हणाले, कंटेनरमधून उतरवताना थोडं घासलं असेल. तिसऱ्या खेपेला वाढीव वॉरंटी आणि सीट कव्हर देऊ केले, बदल्यात तक्रार नसल्याची सही मागितली. मी दिली नाही. गाडी बदलून द्या म्हटलं तर जे उत्तर आलं, त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. "मॅडम, पासिंग झालंय. आता ती आमच्यासाठी सेकंड हँड आहे."

कंपनीला फोन केला तर डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे असं सांगण्यात आलं. ही नुसती टोलवाटोलवी नाही, त्याला आधार आहे, हे मला नंतर वकिलांनी समजावलं. जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिल्याच्या गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच म्हटलं आहे. कंपनी आणि डीलर यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असेल, तर डीलरच्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार धरली जात नाही. कंपनीला ते माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. तासगावात बसून मी ते कसं सिद्ध करणार?

मंत्रिमहोदय, पूर्वी नवी गाडी पासिंगला आरटीओच्या आवारात न्यावी लागायची. मोटार वाहन निरीक्षक चेसिस नंबर ताडून बघायचे. निदान सरकारचा एक माणूस गाडीभोवती फिरायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत डीलरनं विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओपुढे हजर करावी लागत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी असेल तर अर्जही डीलरच करतो, आणि नंबर लावल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नाही असंही कायदा म्हणतो. यातल्या एकेका तरतुदीबद्दल माझी तक्रार नाही. बिननंबरी गाड्या महिनोन् महिने फिरायच्या, ते थांबायलाच हवं होतं. आरटीओतल्या रांगा आणि एजंट टळले हेही बरंच झालं. पण या सगळ्याची बेरीज अशी झाली की नोंदणीच्या आधी गाडी बघणारा आता डीलरशिवाय कुणीच उरला नाही. निरीक्षक बाजूला झाले आणि त्या जागी गिऱ्हाईक उभं करायचं राहून गेलं. गावातच शोरूम असेल तर माणूस दोनदा चक्कर मारून येतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. दोनशे किलोमीटरवरच्या माणसाला गाडीचं पहिलं दर्शन होतं तेव्हा पैसे गेलेले असतात, कर्जाचा हप्ता लागू झालेला असतो, आणि रस्ता कर भरलेला असतो. आमच्या गाडीची किंमत आठ लाख. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के धरले तर ८८ हजारांचा कर झाला. नको म्हणायचा हक्क कागदावर असतो, पण ते म्हणायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की नोंदणीचा अर्ज पुढे जाण्याआधी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना आणि साल पाठवावं, आणि "मी ही गाडी पाहिली आहे" असं त्यानं ओटीपीनं कळवल्याखेरीज नंबर पडू नये. ज्याला प्रत्यक्ष जाणं शक्य नाही त्याला डीलरनं व्हिडिओ कॉलवर गाडी चहूबाजूंनी दाखवावी, मीटर आणि चेसिस नंबरसकट, आणि ते चित्रीकरण जपून ठेवावं. हे तपशील विक्री प्रमाणपत्रावर असतातच. फक्त ते आमच्या हातात फार उशिरा पडतात. गॅस सिलिंडर घ्यायला ओटीपी द्यावा लागतो, आठ लाखांच्या गाडीला का नको?

वाहतुकीत किंवा यार्डात गाडी लागते, हे मी समजू शकते. बोलून चालून वस्तू आहे, शेकडो किलोमीटरवरून येते. पण दुरुस्त केलेली असेल तर तसं लेखी सांगून, किंमत कमी करून विकावी. ज्याला चालेल तो घेईल. लपवून विकणाऱ्याचं काय करायचं, हे तुमच्या हातात आहे. डीलर ज्या ट्रेड सर्टिफिकेटवर धंदा करतो ते तुमच्याच विभागाची कार्यालयं देतात. विक्रीपूर्व तपासणीचा अहवाल, म्हणजे ज्याला शोरूमवाले पीडीआय म्हणतात तो, सहीशिक्क्यासह गिऱ्हाइकाला दिलाच पाहिजे, अशी अट त्याला जोडता येईल का ते बघा. कायदा केंद्राचा आहे म्हणून जिथं हात बांधलेले असतील तिथं राज्याच्या वतीनं दिल्लीला लिहा. नोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत ओटीपीची पायरी घालायला तसं लिहावंच लागेल.

आणखी एक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मला तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता आली, पुण्याला जावं लागलं नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, अर्ज ऑनलाइन. कायदा आमच्या दारापर्यंत आला याचं मला मनापासून कौतुक आहे. पण आयोगापुढे पुरावा लागतो. मिस्त्रींची नजर मला पुरेशी आहे, कागदावर ती कशी आणायची? तज्ज्ञाचा अहवाल मिळवण्यात महिने जातात आणि तोवर गाडी वापरावीच लागते, अण्णांना थांबता येत नाही. तुमच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात गाडीचं अंतरंग जाणणारे निरीक्षक आहेत. नवी गाडी घेतल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, ठरलेली फी भरून, आपल्या जिल्ह्यातल्या निरीक्षकाकडून तिची तपासणी करून लेखी अहवाल मिळण्याची सोय करा. गाडी कुठूनही घेतलेली असो. सांगलीला गाडी नेणं मला अवघड नाही.

हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी मिळाल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका, बँकेलाही तसं सांगून ठेवा. डिलिव्हरी उन्हात घ्या, मुहूर्त दुपारचा काढला तरी चालतो. टायरवरचे आकडे चारही बाजूंनी वाचा. फसगत झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.

दिवाळीनंतर माझ्या दुकानात येणाऱ्या एका द्राक्ष बागायतदारानं पुण्यात पिकअप बुक केली. नंबर पडायच्या आधी त्याला यार्डात घेऊन जा म्हणून मी मिस्त्रींना सोबत पाठवलं. यार्डाच्या फाटकावर दोघांना सांगितलं, "पासिंगच्या आधी गाडी दाखवत नाही." तसा नियम कुठं लिहिलेला आहे, असं मिस्त्रींनी विचारलं, तर उत्तर मिळालं नाही, आणि गाडीही दिसली नाही.

बोल्टांचे, हेडलाइटच्या लेबलांचे आणि चारही टायरांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक वाहनधारक,
तासगाव, जि. सांगली