व्हॅक्यूमएलओ चालवू दिलं नाहीत, त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

मोडी कागदपत्रांच्या स्कॅनचा आमचा संग्रह पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे म्हटलं की जाणकार मंडळी एकच सल्ला देतात: फायली डेटाबेसबाहेर काढा. तुम्ही आधी विचारलंत, एक फाईल केवढी, ती पुन्हा बदलते का, आणि घेतलेला बॅकअप कुणी कधी रिस्टोअर करून पाहिलाय का? तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

सिस्टीम आम्हाला आयती मिळालेली. स्कॅनच्या टिफ फायली लार्ज ऑब्जेक्ट म्हणून डेटाबेसमध्येच ठेवलेल्या, म्हणजे 300 एमबीच्या एका स्कॅनचे 2 केबीचे तुकडे, दीड लाखाहून जास्त ओळी, सगळ्या पीजी_लार्जऑब्जेक्ट या सिस्टीम टेबलात. आमच्या टेबलात फक्त त्याचा ओळखीचा नंबर (ओआयडी). नोंद डिलीट झाली तरी स्कॅन तिथेच, कारण ऑब्जेक्ट पुसणारं एलओ_अनलिंक कोणी करतच नव्हतं. डिस्क भरत आली होती आणि बेवारस, म्हणजे कुठल्याच टेबलात नंबर नसलेले ऑब्जेक्ट काढायला व्हॅक्यूमएलओ ही युटिलिटी चालवायचं जवळजवळ ठरलं होतं.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी एन पर्याय देऊन कोरडं चालवा, काही पुसू नका." काढायच्या ऑब्जेक्टचा आकडा आला. मग तुम्ही पीजी_लार्जऑब्जेक्ट_मेटाडेटातल्या ओळी मोजायला लावल्या (तिथे प्रत्येक ऑब्जेक्टची एक ओळ असते). दोन्ही आकडे तंतोतंत सारखे! आमचे नंबर बिगइंट, म्हणजे साध्या पूर्णांकाच्या कॉलममध्ये होते आणि ती युटिलिटी फक्त ओआयडी किंवा एलओ प्रकारचे कॉलम तपासते. तिच्या लेखी आमचा अख्खा संग्रहच बेवारस होता. एक एंटर दाबायचा अवकाश होता. या पत्राचं खरं कारण एवढंच.

बाकीचंही तुम्ही हातचं न राखता सांगितलंत. फाईल थेट ओळीतच ठेवणाऱ्या बाइटए कॉलमची मर्यादा 1 जीबी खरी, पण डंपमध्ये (बॅकअपसाठी काढलेल्या प्रतीत) त्याचं हेक्स, म्हणजे मजकुरी रूप होताना आकार दुप्पट होतो, म्हणून 500 एमबीच्या आसपासच घोडं अडतं. एकाच टेबलचा डंप घेतला तर लार्ज ऑब्जेक्ट त्यात येतच नाहीत, नुसते नंबर येतात. (आमचे 'साप्ताहिक बॅकअप' नेमके तसलेच निघाले.)

शेवटी टिफ बाहेर गेल्या. ओळीत पाथ, आकार आणि शा-256 (फाईल बदललीय का ते ओळखायचा ठसा) राहिला. थंबनेल मात्र बाइटएमध्येच ठेवायला लावलेत. काही केबींसाठी वेगळा संसार कशाला, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. बाहेरच्या फाइलीला ट्रान्झॅक्शनचं संरक्षण नाही, म्हणून आधी फाईल लिहायची, मग ओळ कमिट (पक्की) करायची. लिहिलेली फाईल बदलायची नाही. बॅकअप आधी डेटाबेसचा, मागाहून फायलींचा. हा क्रम आता सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवलाय.

जुने ऑब्जेक्ट अनलिंक झालेत, पण डिस्कवरची जागा अजून सुटलेली नाही. ती जागा डिस्कला परत देणारं व्हॅक्यूम फुल पीजी_लार्जऑब्जेक्टवर रविवारी करणार आहोत. टेबल लॉक होईल, तेव्हा कोणी काम करत नसलेलं बरं. शनिवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहू. अडलो तर फोन करतोच, आणि नाही अडलो तरी करतो.

तुमचे ऋणी,
संग्रहाच्या संगणक विभागातले आम्ही सगळे