ते नाव सैनिकांनी दिलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लष्करी बोलीवरचा लेख वाचला. रोजच्या ब्रीफिंगला सैनिकच ‘फाइव्ह ओ’क्लॉक फॉलीज’, म्हणजे ‘पाच वाजताचा मूर्खपणा’, म्हणतात, असे त्यात ठोकून दिले आहे. हे साफ चूक आहे. व्हिएतनाम युद्धात सायगॉनमध्ये अमेरिकी प्रवक्ते रोज संध्याकाळी पत्रकारांना माहिती देत. तिला हे नाव पत्रकारांनी ठेवले, म्हणजे तुमच्याच व्यवसायबंधूंनी. आणि योग्यच ठेवले. शत्रूचे किती मेले यावर यश मोजायचे ठरले की आकडे फुगणारच. जानेवारी १९६८ मध्ये टेटच्या सणात, म्हणजे व्हिएतनामी नववर्षात, शंभराहून अधिक गावे-शहरांवर हल्ले झाले, सायगॉनच्या अमेरिकी दूतावासाच्या आवारात शत्रू घुसला, तेव्हा त्या आकड्यांची किंमत जगाला कळली.

पण मुख्यालयातली सकाळची बैठक वेगळी. ब्रिटिश अधिकारी तिला ‘मॉर्निंग प्रेयर्स’ म्हणतात. त्यात थट्टा आहे, तुच्छता नाही.

मी ब्रिगेड मुख्यालयात क्लार्क होतो. रात्रभर पलटणींचे सिटरेप, म्हणजे परिस्थितीचे अहवाल, यायचे, ते टाइप करून पहाटे ऑप्स रूममध्ये, म्हणजे कारवाया चालवणाऱ्या कक्षात, पोचवायचे. एका हिवाळ्यात सकाळच्या बैठकीत उंचावरच्या एका चौकीचा रॉकेलचा साठा वाचून दाखवला गेला. कमांडरसाहेबांनी एवढेच विचारले, “हा आकडा आजचा की जुना?” कोणी बोलेना. मधे वायरलेस नीट लागत नव्हता, म्हणून मागचाच आकडा पुढे चालत आला होता. चौकीला विचारले तर निम्मेही रॉकेल उरले नव्हते. त्याच दुपारी पोर्टर जेरीकॅन घेऊन निघाले, रात्री बर्फ सुरू झाला. तिथे बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, रॉकेलवर चालते, प्यायचे पाणीही बर्फ वितळवून करावे लागते. त्या एका प्रश्नावर वरच्या पोरांचा जीव होता. सायगॉनच्या संध्याकाळी असा प्रश्न पत्रकार विचारत, आमच्याकडे तो खुद्द कमांडर विचारत. लेखकाला हा फरक कळायला हवा होता.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याच्या अंत्यसंस्काराच्या बातमीत तुम्ही त्यांना ‘जवान’ लिहिलेत. ते सुभेदार होते. शिपायापासून त्या हुद्द्यापर्यंत चढायला माणसाची उमेदीची सगळी वर्षे जातात. त्यांच्या पत्नीने ते कात्रण फ्रेम करायला आणले आणि तसेच परत नेले. दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी, आणि सुभेदारांची त्यांच्या नावानिशी छापावी.

आपला,
एक माजी सैनिक, सातारा